दहा मिनिटं शांत बसलो, त्याची गोष्ट

सुट्टीत माणसाने मन शांत ठेवावं, हे ज्या कुणाला पहिल्यांदा सुचलं त्याला सासुरवाड नसणार. असली तरी ती फार लांब असणार आणि मधला पूल वाहून गेलेला असणार.

मी जन्म-मृत्यू नोंदणीच्या कार्यालयात आहे. लोक जन्माला येतात, मरतात आणि मधल्या काळात माझ्या खिडकीसमोर उभे राहतात. बावीस वर्षांत मी कुणावर आवाज चढवलेला नाही. फक्त "उद्या या" म्हणालो. हे दोन शब्द मी इतक्या शांतपणे म्हणू शकतो की समोरच्याचा रक्तदाब वाढतो. सांगायचा मुद्दा, शांतता हा माझ्या व्यवसायाचा भाग आहे. ती मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

पण वर्षअखेरच्या सुट्ट्या लागायच्या आदल्या दिवशी साहेबांनी 'तणावमुक्त सुट्टी, सजग सुट्टी' नावाचं शिबिर ठेवलं. हजेरी सक्तीची. कल्पना वरून आलेली होती. आमच्याकडे सगळ्याच कल्पना वरून येतात आणि आमच्या डोक्यावर फुटतात. शिकवायला एक शांतितज्ज्ञ आले होते. पांढरेशुभ्र कपडे, आणि आवाज इतका मऊ की तिसऱ्या रांगेच्या मागे कुणाला काही ऐकू येईना. मागचे लोक "मोठ्याने! मोठ्याने!" म्हणून ओरडायला लागले. शांततेचा पहिला धडा असा सुरू झाला.

मग त्यांनी चाळीस प्रश्नांचा एक कागद वाटला. 'लिफ्ट यायला उशीर झाला तर आपण बटण पुन्हा पुन्हा दाबता का?' 'पाहुणे निघतो म्हणाल्यावर आपल्याला आनंद होतो का?' बाकीच्यांनी शेजाऱ्याचं बघून लिहिलं. मी खरं लिहिलं. सरकारी कागदावर खरं लिहिणं ही मोठी चूक असते, हे मी रोज समोर बघत असूनही शिकलेलो नाही. चाळीसपैकी मला अडतीस तणावगुण मिळाले. उरलेले दोन, प्रश्नांच्या शुद्धलेखनावर मी वाद घातला म्हणून, तपासलेच नाहीत.

"आपल्यात एक व्यक्ती अशी आहे," तज्ज्ञ मऊ आवाजात म्हणाले, "नाव घेत नाही..." आणि माझ्याकडे बघत राहिले. सगळं कार्यालय माझ्याकडे बघायला लागलं. शिपायाने माझ्यासाठी पाणी आणलं.

मला एक तक्ता मिळाला, वर कोपऱ्यात माझे तणावगुण लिहिलेला. सुट्टीत रोज दहा मिनिटं डोळे मिटून शांत बसायचं आणि तक्ता भरायचा. रकाने असे: दिनांक, ठिकाण, मनःस्थिती, घरातल्या प्रौढ व्यक्तीची सही आणि शेरा. "भरून आणला नाहीत," साहेब म्हणाले, "तर पुढचे चार रविवार तुम्हाला हेच शिबिर. निवासी."

घरी आलो तर दारात पाच जोड परक्या चपला. मी मोजल्या. मोजू नयेत, पण सवय.

एरवी आमच्या घरात आम्ही दोघं, ही आणि मी. दोन खोल्या, स्वयंपाकघर, एक न्हाणीघर. त्यात आता माझा मेहुणा, त्याची बायको, त्यांच्या सात वर्षांच्या जुळ्या मुली आणि माझ्या सासूबाई एवढे पाचजण दहा दिवसांसाठी उतरले होते. मेहुणा फार प्रेमळ माणूस आहे. तो प्रत्येक वाक्य माझ्या पाठीत थाप मारून बोलतो. जुळ्या मुली चालत नाहीत, धावतात. आणि त्यांच्यातली एक थांबली तर ती थांबलीय हे सांगायला दुसरी ओरडते. सासूबाई काही बोलत नाहीत. त्या बघतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी झोपायच्या खोलीत पलंगाच्या कडेला बसलो, डोळे मिटले आणि श्वासाकडे लक्ष दिलं. श्वास चालू होता. दुसऱ्या मिनिटाला दार उघडलं.

"भाऊजी, झोपलात?" मेहुण्याचा आवाज.

"शांत बसलोय."

"बसा, बसा! मी काही बोलणार नाही. नुसता बसतो शेजारी." पाठीत थाप. मग तो बसला आणि आपल्या नव्या गाडीचं इंजिन किती शांत आहे हे मला आठ मिनिटं समजावून सांगत राहिला.

तिसऱ्या दिवशी मी दाराला कडी लावली. ही माझी घोडचूक. दहा मिनिटांनी बाहेर आलो तर घरात भीतीदायक शांतता. जुळ्या मुली तोंडावर बोट ठेवून भिंतीला टेकून बसलेल्या. मेहुण्याची बायको कप आवाज न करता विसळत होती. आणि सासूबाई आपल्या मुलीला हळू आवाजात, म्हणजे मला नीट ऐकू येईल अशा आवाजात, सांगत होत्या, "जावईबापू रुसलेत."

"रुसलो नाही, आई," मी म्हणालो. "मी मन शांत करत होतो."

"ते आम्ही अशांत केलं म्हणूनच ना?" सासूबाई म्हणाल्या.

शांतितज्ज्ञांनाही मुली असतील, जावई असतील; त्यांनी हा प्रश्न अभ्यासक्रमात का घेतला नाही कोण जाणे. मी तक्ता आणून दाखवला. सासूबाईंनी चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला.

"अडतीस?" त्या म्हणाल्या.

"ते कचेरीतलं आहे, आई."

"आम्ही यायच्या आधीच अडतीस होते. आता किती असतील, तेवढं सांगा."

हिने मला स्वयंपाकघरात बोलावलं. बायको आपल्याला स्वयंपाकघरात बोलावून दार लोटून घेते तेव्हा चहा मिळणार नसतो. "अहो," ती म्हणाली, "वर्षातून एकदा माझी माणसं येतात. दहा मिनिटं तोंड हसरं ठेवता येत नाही तुम्हाला?"

"तक्त्यात हसायला जागा नाही. डोळे मिटायचे आहेत."

"ते मिटूनच असता तुम्ही बाराही महिने." आणि तक्ता ओढून घेऊन तिने सही केली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'चिडले.' पहिल्या दिवसासमोर लिहिलं, 'तेव्हाही चिडले होते.'

आता रुसलेल्या माणसाची बातमी घरात राहत नाही. आमच्या समोरच्या दारात एक निवृत्त मुख्याध्यापिका राहतात. सगळी इमारत त्यांना हेडबाई म्हणते. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांना शिस्त लावली आणि निवृत्तीनंतर दुसऱ्यांच्या आईबापांना हाती घेतलं. जुळ्या मुलींनी त्यांना जिन्यात सांगितलं, की आमचे काका कडी लावून एकटेच बसतात आणि आजी पिशवी भरते आहे. संध्याकाळी हेडबाई येऊन दिवाणखान्यात मधोमध बसल्या. मला समोर उभं केलं. घर माझं, खुर्ची माझी, आणि मी उभा.

"पाहुणे म्हणजे पुरासारखे असतात," त्या म्हणाल्या. "आले तसे जातात. फक्त सामान उंचावर ठेवायचं."

त्या पुरातले पाचहीजण समोरच बसले होते. सासूबाईंनी पिशवीत आणखी एक चादर घातली.

"तसं नाही हो बाई," मी म्हणालो. "मी रुसलेलोच नाही!"

"आवाज खाली," हेडबाई म्हणाल्या. "चढला की नाही बघा. हेच ते." आणि त्यांनी मला वीसपासून आकडे उलटे मोजायला लावले. सगळ्यांसमोर. मी तेरानंतर अकरा म्हणालो तर एक जुळी हसली आणि दुसरीने तिला चिमटा काढला.

त्या गेल्यावर ही म्हणाली, "उद्यापासून तुम्हाला शांत व्हायचं असेल तर घराबाहेर जाऊन व्हा. आईने पिशवी उचलली ना, तर मीही दुसरी उचलेन. सांगून ठेवते."

ही धमकी तिने आजवर कधी दिली नव्हती. रुसलेलो नसताना रुसवा सोडायचा कसा, हे मला समजेना. अपराध केलेला असला की माफी मागता येते. नसलेल्या अपराधाची माफी मागितली की समोरच्याला खात्रीच पटते.

बाहेर म्हणजे कुठे? रस्त्यावर सुट्टीची गर्दी. बागेत प्रत्येक बाकावर माझ्यासारखाच एकेक हाकललेला गृहस्थ. राहिली गच्ची. गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे.

आमचे सेक्रेटरी आमच्या बरोबर वरच्या मजल्यावर, चार खोल्यांच्या घरात एकटेच राहतात. बायको वारली, दोन मुलगे दूर परगावी. कुठल्याशा कारखान्याच्या भांडारात पस्तीस वर्षं काढलेला माणूस. सहीशिवाय कुणाला एक खिळा दिला नाही म्हणतात. मी किल्ली मागितली तर त्यांनी मला आत बसवलं, चष्मा पुसला, कपाटातून छापील अर्ज काढला आणि माझ्यापुढे ठेवला. प्रयोजन: कपडे वाळवणे, केबल दुरुस्ती, टाकी पाहणी, इतर.

"मला दहा मिनिटं शांत बसायचंय," मी म्हणालो.

"म्हणजे 'इतर'. 'इतर'ला कमिटीची मंजुरी लागते. कमिटी सुट्टीवर गेलीय."

"पण अहो, मी इथे तिसऱ्या मजल्यावर चौदा वर्षं राहतो!"

"म्हणून तर अर्ज देतोय. बाहेरच्याला दिला नसता." ते थांबले. "उद्या या."

बावीस वर्षांत हे शब्द मला कुणी म्हणालं नव्हतं. ऐकायला किती वाईट लागतात! खिडकीपलीकडे उभ्या राहिलेल्या हजारो माणसांची मला एकदम आठवण झाली. त्यांची कीव आली असं म्हणणार होतो, पण खरं सांगायचं तर आपलीच आली. मी पेन उचललं आणि 'टाकी पाहणी'वर खूण केली.

सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं, खुणेकडे पाहिलं, आणि किल्ली दिली. "दहा मिनिटांनी आणून द्यायची. सही करून. चहा घेणार?"

"नको, घाईत आहे," मी म्हणालो. शांत व्हायची मला फार घाई होती.

गच्चीवर दोन दिवस बरे गेले. बरे म्हणजे, पहिल्या दिवशी कबुतरं होती आणि दुसऱ्या दिवशी मेहुणा होता. पण दोन्ही वेळा खाली परतल्यावर सासूबाईंच्या चेहऱ्यावरची एकेक घडी उलगडलेली दिसली. त्यांनी पिशवीतून चादर काढली. हिने तक्त्यावर लिहिलं, 'कमी चिडले.' माझा संसार मार्गाला लागला होता. तेवढ्यात खाली जिन्याशी फलकावर कागद लागला: 'टाकीची पाहणी तिसऱ्या मजल्यावरील रहिवासी स्वतः करीत आहेत. अहवाल लवकरच.'

आता जो भेटेल तो विचारायला लागला. "काय, कसं आहे पाणी?" "परवापासून चव बदललीय की नाही हो?" "आमच्या ह्यांचं पोट बिघडलंय, ते त्याच्यामुळेच का?" इमारतीत घरोघरी पाहुणे होते आणि बोलायला विषय नव्हता. मी दिला. टाकी कुणी उघडून बघितली होती! मी तिच्या सावलीत डोळे मिटून बसत होतो. दोन दिवस मी "पाहतोय, पाहतोय" म्हणून वेळ मारून नेली. सरकारी नोकरीत वेळ मारण्याचा मला सराव आहे. पण इमारतीला मुदत माहीत नसते. तिसऱ्या दिवशी हेडबाईंनी मला जिन्यात गाठलं.

"पाहणी करताय ना तीन दिवस? मग एका वाक्यात सांगा. काय दिसलं?"

विद्यार्थ्याने गृहपाठ केलेला नसावा आणि बाईंनी वही मागावी, तसं माझं झालं. "थोडं शेवाळ असल्यासारखं वाटतंय," मी म्हणालो. मला सुटका हवी होती. शेवाळ हा शब्द कुठून आला ते देव जाणे.

दुपारपर्यंत शेवाळाचा किडा झाला. चार वाजता दुसऱ्या मजल्यावर त्याला पाय फुटले. सहा वाजता कुणीतरी मला बाजूला घेऊन विचारलं, "पाल नक्की मेलेली होती का?" मी नाही म्हणालो, म्हणजे पालच नव्हती असं म्हणायचं होतं, तर तो ओरडत सुटला, "जिवंत आहे! जिवंत आहे!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता टाकी रिकामी करायला घेतली. सेक्रेटरींनी फलकावर सूचना लावली होती, पण ती वाचून पाणी भरून ठेवणार कोण? फलकावरचं वाचायला लोक जिन्याने जायला हवेत. सुट्टीत सगळे लिफ्टने जात होते. सव्वाआठ वाजता इमारतीतल्या चोवीस घरांचे नळ एकदम सूं करून थांबले. प्रत्येक घरात पाचसात पाहुणे. कुणाच्या तोंडात दात घासायची पूड, कुणाच्या हातात घासायला घेतलेलं भांडं. आणि आमच्या न्हाणीघरातून सासूबाईंचा आवाज आला, "अगं, पाणी!"

केसांना साबण लावून त्या आत बसल्या होत्या.

मला आयुष्यात बरेच कठीण प्रसंग आठवतात. माझ्या कार्यालयात एकदा एक गृहस्थ स्वतःच्याच मृत्यूचा दाखला दुरुस्त करायला आले होते. पण डोक्यावर साबणाचा पांढरा डोंगर घेऊन, टॉवेल गुंडाळून, दारातून नुसतं डोकं बाहेर काढून आपल्याकडे बघणारी सासू यासारखं दुसरं काही नाही. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"जावईबापू, स्पष्ट सांगा. आम्ही कधी जावं असं तुमच्या मनात आहे?"

मी दोन्ही हात जोडले. ही हेडबाईंकडे पाणी मागायला धावली. हेडबाईंकडे एक कळशी होती. त्यांनी अर्धी दिली आणि माझ्यासाठी निरोप पाठवला: वीसपासून उलटे मोजा म्हणावं.

तेवढ्यात वरून हाक आली. टाकी साफ करायला आलेला प्लंबर गच्चीवरून ओरडत होता, "पाहणीवाले साहेब कोण? त्यांना वर पाठवा!" मी वर गेलो. आमच्या जिन्यात एवढी माणसं मी कधी पाहिली नव्हती. सगळे बादल्या घेऊन उभे. कुणी शिव्या देत नव्हतं, कारण सगळे सुशिक्षित. नुसते बघत होते, आणि बाजूला होऊन मला वाट देत होते.

"आत उतरा आणि कुठं शेवाळ दिसलं ते दाखवा," प्लंबर म्हणाला. "मला काय ते दिसंना."

मी शिडीने टाकीत उतरलो. आत गुडघाभर ओलसर गारवा, वरच्या झाकणातून पडणारा उजेडाचा एक चौकोन. तळ घासूनपुसून आरशासारखा. शेवाळ सोडाच, मातीचा कण नव्हता. भिंतींना माझाच श्वास आपटून परत येत होता. बाहेरच्या बादल्या, हाका, जुळ्या मुली, काही ऐकू येईना. आठ दिवसांत पहिल्यांदा मी खरोखर शांत जागी उभा होतो.

मग शिडी वाजली. सेक्रेटरी हळूहळू खाली उतरले, धोतराला नव्हे, पॅंटला दुमडी घालून, हातात टॉर्च. त्यांनी चारही कोपऱ्यांत उजेड फिरवला.

"काही नाही," ते म्हणाले.

"नाही," मी म्हणालो. "मी उघडूनच बघितली नव्हती. खोटं लिहिलं. शेवाळही खोटं सांगितलं."

"माहीत आहे. मागच्याच महिन्यात मी टाकी साफ करून घेतली होती. स्वतः उभा राहून."

"मग मला किल्ली दिलीत कशाला? आणि आज सगळ्यांचं पाणी का तोडलंत?"

ते टॉर्च उगाचच चालू-बंद करत होते. "किल्ली न्यायला तुम्ही यायचात. द्यायला यायचात. दिवसातून दोनदा बेल वाजायची." त्यांनी टॉर्च खिशात ठेवला. "दोन्ही मुलांनी कळवलं, यंदा जमत नाही. सुट्टी म्हटलं की माणूस कपबश्या पुसून ठेवतो हो. सवय असते. आणि शेवाळाची बोंब झाल्यावर कालपासून सत्तावीस जण भांडायला येऊन गेले. एकजण तर बसून चहा प्याला. तेव्हा म्हटलं, शेवाळ नाही हे सांगायची काय घाई आहे?"

या माणसावर मी चिडायला हवं होतं. माझी सासू खाली साबणात होती. माझा संसार दोन पिशव्यांवर आला होता. पण चिडण्यासाठी मी तोंड उघडलं आणि निघालं भलतंच.

"सेक्रेटरी," मी म्हणालो, "आमच्याकडे माणसं जास्त झाली आहेत. हवी असतील तर चार-पाच देतो."

ते हसले. टाकीत हसू फार मोठं वाटतं. वरून प्लंबरने घाबरून डोकावलं, "काय सापडलं का?"

"सापडलं!" सेक्रेटरी गंभीरपणे ओरडले. "काढून टाकलं! पाणी सोडायची तयारी करा!"

प्लंबर म्हणाला, लेखी द्या, नाहीतर उद्या माझ्या नावाने खडे फोडतील. माझ्या खिशात एकच कागद होता, तो तक्ता. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला 'टाकी स्वच्छ आहे' असं लिहून आम्ही दोघांनी सही केली आणि प्लंबरने तो कागद नेऊन खालच्या काचेच्या दाराला चिकटवला. पक्क्या डिंकाने. त्यामुळे इमारतीत येणाऱ्यांना पाणी स्वच्छ असल्याचं कळत होतं आणि बाहेर जाणाऱ्यांना 'चिडले', 'तेव्हाही चिडले होते', 'कमी चिडले' असं ओळीने वाचायला मिळत होतं. माझी मनःस्थिती इतक्या सविस्तरपणे आजवर कुणी अभ्यासली नसेल. चार रविवारांचं निवासी शिबिर माझ्या नशिबात पक्कं झालं. ते मी टाकीतून बाहेर येतानाच मान्य केलं होतं.

पाणी आलं. सासूबाईंचा साबण गेला. मी सेक्रेटरींना थेट घरी घेऊन आलो आणि सासूबाईंसमोर उभं केलं. "आई, टाकीचं खोटं मी बोललो," मी म्हणालो. "तुम्ही जावं असं माझ्या मनात नव्हतं. तुम्ही सगळे थोडे कमी असावेत, एवढंच होतं."

हिने कपाळावर हात मारला. सासूबाईंनी डोक्याचा टॉवेल सोडला.

"एवढं पहिल्या दिवशी बोलला असतात," त्या म्हणाल्या, "तर माझे केस वाचले असते. मलाही त्या पलंगावर तिघींमध्ये झोप येत नव्हती." मग सेक्रेटरींकडे वळून, "तुमच्याकडे गाद्या आहेत का?"

सेक्रेटरींकडे सहा गाद्या होत्या. दर महिन्याला उन्हात टाकलेल्या. दुपारी मेहुणा, त्याची बायको, जुळ्या मुली आणि पिशवीसकट सासूबाई असा सगळा पूर जिन्याने वर चढला. मेहुण्याने जाता जाता सेक्रेटरींच्या पाठीत थाप मारली. ते थोडे पुढे गेले, पण परत फिरून हसले.

आमचं घर रिकामं झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पलंगाच्या कडेला बसलो. कडी लावायची गरज नव्हती. डोळे मिटले. श्वास चालू होता. अगदी स्पष्ट ऐकू येत होता, आणि ऐकण्यासारखं त्यात काही नव्हतं. वर छतावरून आठ पायांचे धावण्याचे आवाज येत होते. मुलींचे चारच पाय. बाकीचे चार कुणाचे असतील याचा मी विचार करत बसलो. मग वर काहीतरी पडलं आणि सगळे एकदम खो खो हसले. त्या हसण्यात सासूबाईंचं हसू होतं. चौदा वर्षांत मी ते ऐकलेलं नव्हतं.

ही दारात येऊन उभी राहिली. "झालात का शांत?"

"झालो."

"मग आता?"

मी उठलो. आम्ही वर गेलो. दार सासूबाईंनी उघडलं. आत सेक्रेटरी जमिनीवर चार पायांवर होते आणि एक जुळी त्यांच्या पाठीवर होती. मेहुणाही चार पायांवर होता. त्याच्या पाठीवर दुसरी जुळी. पायांचा हिशेब जुळला.

"या, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "पण बसायला जागा नाही हो. खालच्या मजल्यावरचेही येऊन बसलेत. खुर्च्या आपापल्या आणा."

आम्ही खाली आलो. मी जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची डोक्यावर घेतली, हिने एक स्टूल घेतलं, आणि जिना चढायला लागलो. मधल्या वळणावर हेडबाई भेटल्या. डोक्यावर खुर्ची घेतलेला मी आणि मागून स्टूल घेतलेली ही, असं बघून त्यांचा चेहरा पडला.

"अरे देवा," त्या म्हणाल्या. "शेवटी घर सोडून निघालात?"

"नाही हो बाई. वर भयंकर गोंगाट चाललाय."

"मग तक्रार करायला चाललात?"

"नाही. बसायला."

हेडबाईंनी वर कान दिला. वर पुन्हा काहीतरी पडलं. त्या दोन पायऱ्या चढल्या, थांबल्या, वळल्या.

"थांबा," त्या म्हणाल्या. "मला एकटीला उचलत नाही. ती खुर्ची इथेच ठेवा आणि आधी माझी आणायला या."